चलानामुळे प्रीमियम वाढलेला नाही, बाबा

गोरेगाव, मुंबई

ती. आई-बाबांना शि. सा. न.

बाबा, बंड्याने आपली गाडी वेगात चालवली त्या चलानाचा मेसेज आणि गाडीच्या विम्याच्या रिन्युअलचा एजंटने सांगितलेला वाढीव आकडा एकाच आठवड्यात आले म्हणून तुम्ही दोघांची सांगड घातलीत. एजंटनेही 'चलान आहे ना, म्हणून वाढलं' असं ठोकून दिलं. वर दादाने टोरंटोहून 'इकडेही असंच होतं' अशी भर घातली. त्याचं खोटं नाही. त्याच्या ऑन्टॅरिओ प्रांतात मर्यादेपेक्षा ५० किलोमीटर जास्त वेगाने सापडलात तर 'स्टंट ड्रायव्हिंग' धरतात. लायसन्स जागच्या जागी ३० दिवसांसाठी जातं, गाडी १४ दिवस अडकते, आणि पुढची काही वर्षं विमा कंपन्या ते बघूनच प्रीमियम लावतात. पण ते तिकडचं. आपल्या गाडीचा नंबर एमएच ११ आहे.

चलान मी उघडून पाहिलं. सी-लिंकवरचा फोटो आहे, मर्यादा ८०, वेग १०७. मागच्या काचेवरचा ढोल्या गणपतीचा स्टिकर इतका स्वच्छ दिसतो की 'ती गाडी आपली नसेल' हा बंड्याचा बचाव तिथेच संपला. गाडी तुमच्या नावावर, म्हणून मेसेज तुम्हाला. कारला यासाठी कायद्यात १ ते २ हजार दंड आहे. तो बंड्याने भरायचा. आई, तू गुपचूप त्याला पैसे पाठवायचे नाहीत.

आता पॉलिसीचं. तिच्यातला थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा भाग सरकार ठरवतं, तेही इंजिनाच्या सीसीवर. आपली १,१९७ सीसीची गाडी १,००० ते १,५०० च्या गटात येते, आणि १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात त्या गटाला ३,४१६ रुपये आहेत. कोण किती जोरात चालवतो हे तिथे कुणी विचारत नाही. दुसरा भाग ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. तो गाडीची किंमत, वय, शहर आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) यांवर ठरतो. २०२१ मध्ये विमा नियामक इर्डाच्या एका कार्यगटाने वाहतूक नियम मोडणाऱ्यांकडून वेगळा प्रीमियम घ्यावा असं सुचवलं होतं, सुरुवात दिल्लीत करावी असंही म्हटलं होतं. आपल्या पॉलिसीत मात्र तसलं काही नाही. मी ओळ न् ओळ वाचली.

मग आकडा का फुगला? गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या खांबाला घासून बंपर फुटला, आठवतंय? बंड्याने ६ हजारांसाठी क्लेम केला. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, त्यातून आपण सोसायचे सक्तीचे १ हजार वजा. कंपनीने दिले जेमतेम २ हजार. आणि तुमचा ४५ टक्के बोनस, जो यंदा ५० झाला असता, तो शून्यावर आला. ओन डॅमेज ८ हजार धरलं तर ४ हजारांची सूट गेली. पुन्हा २०, २५, ३५ असं पहिल्यापासून चढायचं, म्हणजे ५० ला पोहोचायला पाच वर्षं. छोटं काम खिशातून करावं हे एजंटने तेव्हा सांगायला हवं होतं. आता चलानाच्या नावावर खपवतोय.

तरी चलान अगदीच निरुपद्रवी नाही, आणि ती गोष्ट मला दंडापेक्षा मोठी वाटते. दुसऱ्यांदा वेगात सापडला तर कायद्याने लायसन्स जप्त होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनेही २०१५ मध्येच राज्यांना सांगितलंय की अतिवेगासाठी किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा. आणि पॉलिसीत 'ड्रायव्हर' नावाचं कलम आहे: चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवं आणि तो अपात्र ठरवलेला नसावा. निलंबनाच्या काळात बंड्याने गाडी काढली आणि कुठे ठोकली, तर आपल्या गाडीचा खर्च कंपनी देणार नाही. समोरच्याला भरपाई द्यावी लागली तर कोर्ट कंपनीला आधी द्यायला लावतं आणि मग ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालक तुम्ही. लाखांचा मामला असतो तो. त्याला मी हे कलम मोठ्याने वाचून दाखवलंय. चेहरा उतरला होता, त्यामुळे थोडा परिणाम झाला असावा.

हेच कलम तुम्हालाही लागू आहे, बाबा. तुमचं लायसन्स दिवाळीच्या आसपास संपतंय ना? मुदत संपल्यावर वर्षभर रिन्यू करता येतं म्हणून निवांत राहू नका. मधल्या काळात ते वैध नसतं. तुम्ही वाईहून साताऱ्याला जाता तेव्हा ही जोखीम कशाला? मुदतीच्या आधी वर्षभर अर्ज करता येतो. डॉक्टरांकडून फॉर्म १-ए, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र, भरून घ्या, डोळेही तपासून होतील. ऑनलाइन अर्ज मी इथून भरते. लायसन्सच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, मागच्या वेळेसारखे अंधारात काढलेले नकोत.

पॉलिसी तारखेच्या आत रिन्यू करायचीच आहे. त्या एजंटला अजून होकार देऊ नका, मी दोन-तीन कंपन्यांचे दर थेट मागवले आहेत. त्यात 'गाडी जशी चालवाल तसा प्रीमियम' असाही एक प्रकार निघालाय, ॲप गाडीवर लक्ष ठेवतं. बंड्या गाडी चालवतोय तोपर्यंत तो आपल्याला परवडणार नाही.

तुमची,
मनू

ता. क. आई, बंड्या फोनवर 'कॅमेराच बिघडलेला होता' म्हणेल. फोटो मी तुला व्हॉट्सॲपवर पाठवलाय.