नुसते दिवे लावू नका, लिंबची विहीर चालायची कशी तेही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीचा मान मिळाला, त्यात आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे, आणि तेव्हापासून साताऱ्यात जो तो पर्यटनावर बोलतोय. बोलावंच, आनंदाचीच गोष्ट आहे. पण बहुतेकांचं बोलणं रस्ते, पार्किंग, लायटिंग आणि सेल्फी पॉइंट याच्यापुढं काही जात नाही, म्हणून आपल्या लिंबच्या बारामोटेच्या विहिरीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, पण आधी परदेशात एका गावात काय बघितलं ते सांगते. थोडं लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा.

मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडं बार्सिलोनाला गेलो होतो. तिथून रेल्वेने तासा-सव्वा तासावर तारागोना म्हणून गाव आहे, भूमध्य समुद्राच्या अगदी काठावर, गाडी बराच वेळ समुद्राला चिकटूनच जाते आणि स्टेशनवर उतरलं की समोर पाणीच. गाव मात्र वर टेकाडावर, चढून जावं लागतं. हे गाव रोमन लोकांनी वसवलेलं, तेव्हाचं नाव ताराको. ख्रिस्तपूर्व 218 मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीवर चालून गेला आणि त्याची पाठीमागून येणारी रसद तोडायला रोमने स्किपिओ घराण्यातल्या सेनापतीला स्पेनमध्ये पाठवलं, त्याच्या फौजेचा तळ इथं पडला आणि त्या तळाचं पुढं शहर झालं. नंतर ऑगस्टस बादशहा स्वतः ख्रिस्तपूर्व 26-25 च्या सुमाराला इथं येऊन राहिला होता, म्हणजे तेवढे दिवस सगळ्या रोमन साम्राज्याचा कारभार या टेकाडावरून चालला. एवढा मोठा इतिहास, आणि आज गाव म्हणाल तर आपल्या साताऱ्यासारखंच, टेकाडाला धरून, अरुंद बोळ, वर देऊळ तसं तिथं वर चर्च.

मला सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर ते लोक त्या जुन्या दगडात राहतायत. गावात एक लांबुळका चौक आहे, एका टोकाला नगरपालिका, दोन्ही बाजूला हॉटेलं, टेबलं मांडलेली, पोरं बॉल खेळतायत. लेक म्हणाली, आई आपण आत्ता रथांच्या शर्यतीच्या मैदानात उभे आहोत. पहिल्या शतकाच्या शेवटी बांधलेलं मैदान, चौक त्याच्याच आखाड्यावर बसलाय आणि शेजारच्या इमारती जुन्या सज्जांच्या कमानींवर उभ्या केल्यात. एका हॉटेलात आम्ही पाणी प्यायला आत गेलो तर मागची भिंत म्हणजे सरळ रोमन कमान, तिच्यावर एक खिळा नाही की रंगाचा हात नाही, समोर काच आणि खाली चार ओळींची पाटी. मैदानाचा जो भाग मोकळा ठेवलाय तिथं जमिनीखालून लांबच लांब भुयारासारखी वाट आहे, उन्हातून आत गेलं की गारच पडतं अंग.

समुद्राकडं तोंड केलेलं जे गोल नाट्यगृहासारखं आहे, ॲम्फिथिएटर, ते दुसऱ्या शतकातलं, साधारण 14 हजार माणूस बसायचं. फोटोत नेहमी तेच दिसतं कारण मागं निळं पाणी. पण मला तिथं जास्त विचार करायला लावलं ते मधल्या आखाड्यात जे पडकं बांधकाम आहे त्याने. इसवी सन 259 मध्ये तिथल्या बिशपला आणि त्याच्या दोन साथीदारांना त्याच आखाड्यात जिवंत जाळलं, धर्म सोडत नाहीत म्हणून. पुढं राज्य बदललं, लोकांनी त्याच जागेवर सहाव्या शतकात चर्च बांधलं, मग बाराव्या शतकात त्याच्यावर दुसरं, नंतर तिथं मठ झाला, मग जेल झालं. खोदकाम करणाऱ्यांनी हे नंतरचं सगळं उचकटून फेकून शुद्ध रोमन आखाडा काही काढला नाही. दोन्ही चर्चच्या भिंती आहेत तशा ठेवल्यात, कुठला दगड कुठल्या काळातला ते सांगितलंय. आपल्याकडं जीर्णोद्धार म्हटलं की जुन्या देवळाला ऑइलपेंट नाहीतर ग्रॅनाइट, हे मी कुणा एकाला बोलत नाहीये, आपण सगळेच वर्गणी देतो त्याला.

जुन्या गावात एका इमारतीत अख्ख्या रोमन शहराचं मॉडेल आहे, 1:500 या मापाचं. दुसऱ्या शतकात गाव कसं दिसत होतं, तटबंदी कुठून कुठं, वर देवळाचं अंगण, खाली सभेचा चौक, त्याच्या खाली रथांचं मैदान, आणि समुद्राकाठी बंदर. आधी ते बघून मग गाव फिरलो, त्यामुळं प्रत्येक भिंत कशाची ते पटापट ध्यानात येत होतं. कुणी जाणार असेल तर आधी मॉडेल बघा आणि सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी बरंच काही बंद असतं.

आता मुख्य गोष्ट. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते, धोम धरणाच्या कालव्यावर बरीच वर्षं काढली. त्यांना चर्च, पुतळे यात फार रस नाही, पण गावाबाहेर चार किलोमीटरवर झाडीत जो पाण्याचा पूल आहे तो बघून ते हलेचनात. फ्रँकोली नदीचं पाणी उताराउताराने गावात आणलं होतं, मधे दरी आली म्हणून हा पूल, 217 मीटर लांब आणि 27 मीटर उंच, खाली 11 कमानी आणि त्यांच्यावर 25, आणि दगडात चुना नाही की काही नाही, नुसते एकावर एक बसवलेले. वर पाटाची जागा आहे त्यातून चालत पलीकडं जाता येतं, दोन्ही बाजूला दगडी कठडा, पायाखाली दोन हजार वर्षांपूर्वीचा पाट. हे मधेच खाली बसले, तळावर हात ठेवला आणि लेकीला समजवायला लागले, की बघ, उतार जरा जास्त झाला तर पाणी कालव्याचा तळ खातं, कमी झाला तर गाळ बसतो, आणि यांच्याकडं ना दुर्बीण ना लेव्हल मशीन, तरी मैलोन्मैल उतार सांभाळलाय. लेक कॉम्प्युटरवाली, पण ती पण ऐकत बसली. लोक त्याला सैतानाचा पूल म्हणतात, माणसाच्या हातून हे होणं शक्य नाही म्हणून. आमचे हे म्हणाले सैतान कशाला, चांगला मोजणीदार होता.

आणि मग आम्ही ती खाण बघितली, एल मेदोल म्हणून. ज्या खाणीतून गावाचे दगड काढले ती खाणसुद्धा त्यांनी जपलीये, युनेस्कोच्या यादीत 2000 साली तारागोनाच्या ज्या 14 जागा गेल्या त्यात ती आहे! मोठा खड्डा, आत झाडी माजलेली, आणि मधोमध एकच दगडी खांब उभा, 16 मीटर उंच. दगड काढता काढता सगळं खाली गेलं पण हा एक सुळका तसाच राखला, म्हणजे मूळ जमीन कुठवर होती आणि किती दगड काढला ते वर मान केली की दिसतं. भिंतींवर छिन्नीचे घाव अजून मोजता येतात. मला हे बघून खरंच भरून आलं, कारण बादशहांची नावं सगळीकडं असतात, पण इथं त्या दगड फोडणाऱ्या माणसाच्या हाताचा घाव सांभाळून ठेवलाय.

मे महिन्यात तिथं रोमन काळाचा उत्सव असतो, आम्हाला तो नेमका मिळाला. एक तरुण शिपायाचा वेष करून गवतावर बसला होता आणि शाळेच्या पोरांना आपल्या चपलेचा तळ दाखवत होता, तळाला लोखंडी खिळे, ते कशाला तर चिखलात पाय घसरू नये आणि चामडं झिजू नये म्हणून. पोरं एकेक करून खिळ्यांना हात लावत होती. भाषा कळत नव्हती, लेक सांगत होती, पण सांगायची तशी गरजच नव्हती.

आता आपल्याकडं येते. आपल्याकडं काय कमी आहे? रोमन लोक तिकडं पाट बांधत होते त्याच्या आगेमागेच आपल्या कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात लेणी खोदली जात होती. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत उत्खननात ग्रीक समुद्रदेवाची, पोसायडनची ब्राँझची मूर्ती निघाली, ती तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, म्हणजे त्या समुद्रावरच्या वस्तू पंचगंगेपर्यंत येत होत्या. आपल्या कास तलावाचं पाणी साताऱ्याला अजून उतारानेच येतं, हे शहरातल्या किती शाळकरी पोरांना माहितीये?

आणि लिंबची बारामोटेची विहीर. साताऱ्यापासून गाडीने अर्धा तास पण नाही. 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधली, 110 फूट खोल, 50 फूट रुंद, वरून बघितलं तर शिवलिंगाचा आकार, आणि विहिरीच्या पोटातच महाल. परत आल्यावर आम्ही मुद्दाम गेलो, नातवाला घेऊन. गर्दी चांगली होती. पण जो तो पायऱ्यांवर फोटो काढतोय, वरच्या महालात रील चाललंय, आणि निघाले. आमच्या नातवाने विचारलं, आजी बारा मोटा म्हणजे काय, मोट म्हणजे मोटार का? त्याचा काय दोष, त्याने कधी बैल पाण्याला जुंपलेले बघितलेच नाहीत. कुणी बांधली आणि कधी, एवढं कळतं. पण ती चालायची कशी, हे त्या जागेवर उभं राहून कळेल असं आम्हाला काही दिसलं नाही.

मग आमच्या यांनीच त्याला सांगितलं, की वर हे जे दगड पुढं आलेत तिथं चाकं, त्यावरून नाडा म्हणजे जाड दोर, खाली मोट म्हणजे पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी, मोटेच्या सोंडेला दुसरी बारीक दोरी तिला सोल म्हणायचं. बैल धावेवरून, म्हणजे त्यांच्या उतरत्या वाटेवरून, खाली उतरत गेले की मोट भरून वर येते, वर आली की सोंड थारोळ्यात म्हणजे वरच्या हौदात मोकळी होते, पाणी पाटाला लागतं, मग बैल मागं सरकत वर येतात आणि मोट परत खाली. अशा बारा मोटा एकाच वेळी. विचार करा, बारा जोड्या बैल, बारा मोटकरी, सगळीकडून पाण्याचा आवाज आणि मोटेवरची गाणी. सांगत असताना भोवती कोण कोण येऊन उभं राहिलं. पुण्याहून आलेली मुलं होती कॉलेजची, त्यांनी मोबाइल खिशात टाकले आणि प्रश्न विचारायला लागले, धाव कुठल्या अंगाला होती, पाणी जायचं कुठं. एक माणूस दहा मिनिटं बोलला तर हा फरक पडतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की लिंबला आधी एक मॉडेल करा. मोठं काही नको, एका शेडमध्ये मावेल असं, विहीर मधून कापल्यासारखी उघडी, वर चाक, नाडा, मोट, आणि मुलांनी हाताने दोरी ओढली की मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हावी. शेजारी मराठीत मोठ्या अक्षरात पाटी, विहिरीचं पाणी आमराईला कसं जायचं त्याचं चित्र, आणि नाडा, सोल, धाव, थारोळं हे शब्द जिथल्या तिथं लिहिलेले. आपल्या भागात 75-80 च्या पुढची माणसं अजून आहेत ज्यांनी स्वतः मोट हाकलीये. रविवारी त्यातलं कुणी तिथं बसलं आणि त्यांना मानाने मानधन दिलं तर याच्यापेक्षा चांगला गाइड कुठं मिळणार? ही माणसं फार वर्षं राहणार नाहीत, म्हणून घाई केली पाहिजे. पैसा लागतो हे मान्य, तिकीट लावा, तारागोनात पण तिकीट आहेच, एकत्र तिकीट काढलं की बऱ्याच जागा बघता येतात. साताऱ्यात पण लिंब आणि संगम माहुली अशी एक दिवसाची फेरी सहज बसते. माहुलीला छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे, त्यांचा जीव वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, हे पोरांना सांगितलं तर ती उड्या मारत येतील.

शाळांना पण एक विनंती. सहली महाबळेश्वरला नेता, वॉटर पार्कला नेता, न्या, पण वर्षातली एक सहल लिंबला न्या आणि पोरांना टेप देऊन ती विहीर मोजायला लावा. गणित पण होईल आणि इतिहास पण.

आमचे हे आणि त्यांच्याबरोबरचे दोन-तीन रिटायर्ड इंजिनियर विहिरीची मापं घेऊन मॉडेलची ड्रॉइंग फुकट करून द्यायला तयार आहेत, गावकऱ्यांची आणि संबंधित खात्याची परवानगी तेवढी पाहिजे, कारण पुरातन वास्तूला परवानगीशिवाय कुणी हात लावू नये हे बरोबरच आहे. ज्यांच्या घरी जुना नाडा, मोटेचं चाक, जू असं काही माळ्यावर पडलं असेल त्यांनी भंगारात घालू नका, लिंबच्या ग्रामपंचायतीत कळवा. आणि लिंब परिसरातल्या कुणा आजोबांना मोटेवरची गाणी येत असतील तर त्यांच्या नातवंडांनी ती आत्ताच मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावीत.

आपली नियमित वाचक,
शाहूपुरी, सातारा