शेजारच्या आजींनी टीव्ही देऊन टाकला

लेस्टर, इंग्लंड, 11 जानेवारी 2026

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरात फोनवर तू विचारलंस, "अरे, तीस वर्षं आकाशवाणीत काढली आणि तीस वर्षं बीबीसीकडे बोट दाखवत आलो. आता तिथलाच डायरेक्टर जनरल राजीनामा देतो म्हटल्यावर आम्ही बघायचं कुणाकडे?" मी तेव्हा लॅबला निघालो होतो, बस समोर दिसत होती. "सविस्तर लिहितो" म्हणालो आणि त्याला दोन महिने झाले. तुझा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. आज रविवार, सकाळपासून पाऊस, म्हणून कागद घेऊन बसलोय.

सुरुवात लंडनपासून करत नाही, आमच्या शेजारच्या आजींपासून करतो.

आजी ब्याऐंशीच्या आहेत. यजमान इथल्या होजिअरीच्या कारखान्यात होते, ते जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या मागं आजींना कारखान्याची थोडीशी पेन्शन मिळते, बाकी सरकारी पेन्शन. ही थोडीशी पेन्शनच त्यांच्या मुळावर आली. 2024 च्या जुलैत नवं लेबर सरकार आलं आणि अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्यात घर गरम ठेवायला मिळणारी रक्कम बंद केली. पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांना सरकारची जादा मदत, ज्यांना मिळतं त्यांचीच ती चालू राहिली. एकट्या माणसाला ते मिळण्याची मर्यादा आठवड्याला 218 पौंड 15 पेन्स होती. आजींचं उत्पन्न तिच्यापेक्षा जेमतेम पाच पौंड जास्त. तेवढ्यासाठी वर्षाचे 300 पौंड गेले. देशभरात अशी सुमारे एक कोटी माणसं होती.

त्या थंडीत मी एकदा त्यांच्याकडे डबा द्यायला गेलो. स्वयंपाकघरात कोट घालून बसल्या होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर स्मार्ट मीटरचा छोटा पडदा असतो, त्यावर किती पेन्स जळले ते दिसतं. माझ्यासाठी चहा ठेवायला किटली लावली, तो आकडा वर चढला, तसा त्यांनी हलकेच तो पडदा भिंतीकडे वळवून ठेवला. पाहुण्यासमोर आकडा दिसू नये म्हणून. मित्रा, आपल्याकडे डब्यातली साखर संपत आली असताना आई पाहुण्याच्या कपात आधी दोन चमचे टाकायची, ते मला आठवलं. घरी येऊन बराच वेळ मी काही बोललो नाही.

त्याच महिन्यात आजींनी टीव्ही चॅरिटी शॉपला देऊन टाकला. टीव्ही बघायचा तर लायसन्स लागतं, त्याच पैशावर बीबीसी चालते. तेव्हा ते वर्षाला 169 पौंड 50 पेन्स होतं, एप्रिल 2025 मध्ये 174 पौंड 50 पेन्स झालं. 75 वर्षांवरच्या सगळ्यांना ते 2000 सालापासून मोफत होतं. 2015 मध्ये जॉर्ज ऑस्बोर्न अर्थमंत्री असताना तो खर्च सरकारनं स्वतःच्या अंगावरून काढून बीबीसीच्या गळ्यात घातला. वाटाघाटी बंद दाराआड, काही दिवसांत आटोपल्या. बीबीसीला तो पेलणारा नव्हताच. शेवटी ऑगस्ट 2020 पासून सुमारे 37 लाख घरांची सवलत गेली. शिव्या खाल्ल्या बीबीसीनं. कात्री कुणी लावली होती ते पाच वर्षांत लोक विसरले होते.

आता आजी रेडिओ ऐकतात. रेडिओला इथं 1971 पासून लायसन्स नाही. तुला सांगितलं होतं का, बीबीसीचं सगळ्यात पहिलं लोकल रेडिओ स्टेशन आमच्या लेस्टरमध्ये सुरू झालं, 8 नोव्हेंबर 1967 ला. आफ्रिकेतून आलेल्या भारतीय कुटुंबांसाठी याच स्टेशननं सत्तरच्या दशकात संध्याकाळचा कार्यक्रम सुरू केला, त्यातूनच पुढं बीबीसीचं एशियन नेटवर्क हे रेडिओ चॅनल उभं राहिलं. कुठल्या गल्लीत पाणी तुंबलंय, कुठल्या शाळेला बर्फामुळं सुट्टी, हे या स्टेशनवर कळायचं. पण 2023 पासून पैशाअभावी लोकल रेडिओचे दुपारी दोननंतरचे कार्यक्रम शेजारच्या स्टेशनांशी वाटून घेतात. त्याविरुद्ध पत्रकारांनी संपही केला. आजींचं म्हणणं साधं आहे, "सकाळचा माणूस माझ्या गावचा वाटतो. दुपारचा चांगला आहे, पण त्याला आमची गल्ली माहीत नाही." इतकी वर्षं माईकसमोर बसलेल्या तुला हे वाक्य मी समजावून सांगायला नको.

तुझा प्रश्न स्वातंत्र्याचा होता आणि मी आजींच्या किटलीत अडकलोय असं तुला वाटेल. पण या दोन गोष्टी एकाच गाठीत बांधल्या आहेत, तेच मला तुला सांगायचंय. जानेवारी 2022 मध्ये त्या वेळच्या सांस्कृतिक मंत्री नदीन डॉरिस यांनी पार्लमेंटमध्ये जाहीर केलं की लायसन्स फी दोन वर्षं वाढणार नाही. कारण दिलं महागाईचं. ऐकायला किती बरं वाटतं! घरटी वाचले वर्षाचे काही पौंड. त्याच वर्षी ऑक्टोबरात महागाईचा दर 11.1 टक्क्यांवर गेला, चाळीस वर्षांतला सर्वांत जास्त. म्हणजे बीबीसीचा खर्च भडकला आणि उत्पन्न जागच्या जागी बांधलेलं. अरबी रेडिओ 1938 पासून चालू होता, तो 2023 च्या जानेवारीत बंद झाला. लोकांच्या अडचणीचं नाव पुढं करून सरकारनं नाक दाबलं. ज्या सरकारच्या चुका बीबीसीनं दाखवायच्या, तेच सरकार तिची फी ठरवतं. हा दोष आजचा नाही आणि एका पक्षाचाही नाही.

तुला 31 ऑक्टोबर 1984 आठवतो? पोवई नाक्यावरच्या हॉटेलात आपण उभे, मालकानं ट्रान्झिस्टर काउंटरवर ठेवलेला. आकाशवाणीवर संध्याकाळी सहापर्यंत इंदिराजी गेल्याचं सांगितलं नव्हतं. बीबीसीनं दुपारीच सांगितलं होतं. कॉलेजचं पहिलं वर्ष होतं आपलं. त्या दिवशी तू म्हणालास, "मी बातम्यांतच जाणार." म्हणून तुझ्या आवाजातली निराशा मला इतकी लागली.

आता राजीनाम्यांचं सांगतो. 'पॅनोरमा' या बीबीसीच्या टीव्हीवरच्या शोधपत्रकारितेच्या मालिकेनं 2024 मध्ये ट्रम्पवर एक कार्यक्रम केला. 6 जानेवारी 2021 ला, अमेरिकी संसदेवर हल्ला झाला त्या दिवशी, त्यांनी केलेल्या भाषणातली दोन वाक्यं त्यांनी जोडून दाखवली, मूळ भाषणात त्यांच्यात पन्नासहून जास्त मिनिटांचं अंतर होतं. हे चूक होतं आणि मी त्याचं समर्थन करणार नाही. तू असतास तर असा तुकडा हवेवर जाऊच दिला नसतास. बीबीसीच्याच एका माजी सल्लागाराचं टिपण वर्तमानपत्राला मिळालं तेव्हा ते सगळं बाहेर आलं. त्यानंतर वरचे लोक कितीतरी दिवस गप्प बसले, आणि 9 नोव्हेंबर 2025 ला डायरेक्टर जनरल टिम डेव्ही आणि वृत्तप्रमुख डेबोरा टर्नेस यांनी एकाच दिवशी राजीनामे दिले. लगेच सांगितलं असतं, "चुकलं, माफ करा, हे असं घडलं," तर इतकं झालं नसतं असं मला वाटतं. डिसेंबरात ट्रम्पनी फ्लोरिडाच्या कोर्टात दहा अब्ज डॉलरचा दावा लावला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! त्या दाव्याच्या वकिलांची बिलं लायसन्स भरणाऱ्यांच्या पैशातून जाणार, हे मनात आलं की माझा जीव तुटतो.

त्या काळात बोर्डाच्या अध्यक्षांना रोज उत्तरं द्यावी लागत होती. ते समीर शाह, जन्म आपल्या औरंगाबादचा. लहानपणी इथं आले. 2024 मध्ये अध्यक्ष झाले. त्यांच्या आधीच्या रिचर्ड शार्प यांनी एप्रिल 2023 मध्ये राजीनामा दिला, कारण बोरिस जॉन्सन यांच्या आठ लाख पौंडांच्या कर्जहमीच्या प्रकरणातला आपला हात त्यांनी नेमणुकीच्या वेळी उघड केला नव्हता. अध्यक्ष सरकार नेमतं हे ध्यानात घे. बोर्डावर चौदा जण, त्यातले पाच सरकारच्या नेमणुकीचे. ट्रम्पचं प्रकरण उद्या मिटेल, पण ही नेमणुकीची चावी तशीच राहील. माझी खरी काळजी तिथं आहे.

तसं बघितलं तर हे स्वातंत्र्य जन्मापासूनच अर्धं होतं. 1926 च्या मे महिन्यात इथं सार्वत्रिक संप झाला. तेव्हा अर्थमंत्री असलेल्या चर्चिलना बीबीसी सरकारजमा करायची होती. बीबीसीचे तेव्हाचे प्रमुख जॉन रीथ यांनी ते होऊ दिलं नाही, पण संप चालू असताना विरोधी पक्षनेत्याला बोलूही दिलं नाही. पुढं 1956 मध्ये सुएझ कालव्याच्या युद्धाच्या वेळी मात्र पंतप्रधान ईडन संतापले असतानाही विरोधी नेते गेट्स्केल यांचं भाषण झालं. म्हणून तुला सांगतो, ज्या बीबीसीकडे आपण बोट दाखवायचो ती कुणी आयती दिलेली नव्हती. तिथल्या माणसांनी ती दर वेळी थोडी थोडी मिळवली आणि मधूनमधून गमावली. तू तुझ्या जागेवर तेच करत होतास. तेव्हा "कुणाकडे बघायचं" असं विचारू नकोस, तुझं काम काही कमी दर्जाचं नव्हतं.

आमच्या घरचं विचारशील तर ठीक आहे. 2022 च्या सप्टेंबरात लिझ ट्रस यांच्या सरकारनं पैसा कुठून येणार ते न सांगता करकपात जाहीर केली आणि गृहकर्जाचे दर उसळले, तेव्हा आमच्या कर्जाच्या ठरलेल्या दराची मुदत संपायला सहा महिने होते. नवा हप्ता महिन्याला 310 पौंडांनी वाढला. त्या बाई पन्नास दिवसही टिकल्या नाहीत, आमचा हप्ता अजून चालू आहे. हिनं शनिवारची ड्यूटी घेतली. डिसेंबर 2025 मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर 3.75 टक्क्यांवर आला, महागाई तीनच्या आसपास होती. पण दर कमी झाला म्हणजे भाव उतरले असं नाही ना रे. वीज-गॅसच्या दरांवर सरकारी नियामकाची मर्यादा असते. तिच्याप्रमाणे नेहमीच्या घराचं वर्षाचं बिल जानेवारी 2026 मध्ये 1,758 पौंड होतं, 2021 च्या हिवाळ्यात ते 1,277 होतं. गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या फूड बँकांच्या सगळ्यात मोठ्या संस्थेनं 2024-25 मध्ये 29 लाख पाकिटं वाटली. आमच्या लॅबमधली दोन पोरं त्या रांगेत असतात. पूर्णवेळ नोकरी करणारी पोरं आहेत ती.

लोक चिडलेत यात नवल नाही. लेबर पक्षाच्या स्टार्मरना 2024 मध्ये 34 टक्क्यांहून कमी मतांवर चारशेच्या वर जागा मिळाल्या, आणि पहिला मोठा निर्णय म्हणून म्हाताऱ्यांचे 300 पौंड काढले. जून 2025 मध्ये तो बराचसा फिरवला, या हिवाळ्यात आजींना पैसे मिळाले. तिसऱ्या मुलापासून पुढं सरकारी मदत न देणारी अटही एप्रिल 2026 पासून जातेय, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण विश्वास एकदा उडाला की उडाला. फराज यांचा रिफॉर्म पक्ष 2026 च्या सुरुवातीला मतदारांच्या पाहण्यांमध्ये पुढं होता आणि सत्तेत आल्यावर लायसन्स फी रद्द करू असं तो उघड म्हणतो. हप्त्यानं पिचलेल्या माणसाला ते गोड लागणारच. त्या माणसाला मी दोष देत नाही.

फी न भरणं इथं फौजदारी गुन्हा आहे, हजार पौंडांपर्यंत दंड. शिक्षा होणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश बायका असतात, कारण तपासनीस दार वाजवतो तेव्हा घरात बाई असते. हे मला सहन होत नाही. बीबीसीवर प्रेम असणाऱ्यांनीच हे आधी थांबवायला हवं. फिनलंडमध्ये 2013 पासून लायसन्स नाही, उत्पन्नाच्या प्रमाणात कर आहे आणि कमी उत्पन्नाला माफ. जर्मनीत दर घरटी सारखाच, पण किती ते स्वतंत्र आयोग सुचवतो. 2020 च्या अखेरीस एका राज्यानं वाढ अडवली, तर 2021 मध्ये घटनात्मक न्यायालयानं ती लागू केली. पैसे लोकांनी द्यावेत, ऐपतीप्रमाणे द्यावेत आणि मंत्र्याचा हात त्या गल्ल्यात नसावा, एवढंच मला हवंय. जाहिरातींवर सोडलं तर आजींची गल्ली कुठल्याच कंपनीला परवडणार नाही.

बीबीसी ज्या शाही सनदेवर चालते तिची मुदत 31 डिसेंबर 2027 ला संपते. पुढं काय, यावर सरकारनं डिसेंबर 2025 मध्ये चर्चापत्र काढून लोकांची मतं मागवली. मी हे सगळं त्यांनाही लिहिणार आहे. आजी म्हणाल्या, "माझंही लिही, माझ्या हातांना थंडीत पेन धरवत नाही." काल संध्याकाळी त्यांच्याकडे बसून अर्धं पान झालं. पहिलं वाक्य त्यांनी तीनदा बदलायला लावलं. मंत्र्यांना "प्रिय" म्हणायचं की नाही यावरच दहा मिनिटं गेली.

बुधवारी संक्रांत. मेल्टन रोडवरच्या गुजराती दुकानातून तीळ आणि गूळ आणलाय, उद्या ही लाडू वळेल. आजींना दर वर्षी देतो, त्या "गोड बोला" असं बरोबर म्हणतात.

तुझ्याकडे एक काम आहे. आमच्या बाबांची रेडिओ लायसन्सची पुस्तिका, पोस्टातून तिकिटं चिकटवून आणायचे ती, मी येताना तुझ्याकडच्या ट्रंकेत ठेवली होती. सापडली तर तिचा फोटो पाठव. आजींना दाखवायचीय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच