पाणचक्कीला वर्षातून एक दिवस दळू द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या सात वर्षांच्या नातीला छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की दाखवायला नेले होते. भिंतीवरून हौदात कोसळणारे पाणी आणि जुना वड तिने डोळे भरून पाहिला, मग चक्कीजवळ बराच वेळ वाकून शोधल्यावर तिने विचारले, "आजोबा, पण पीठ कुठे आहे?" तिला मी काही सांगू शकलो नाही, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

शहराच्या उत्तरेकडील डोंगरातून, काही किलोमीटर अंतरावरून, खापरी नळांतून आणलेले पाणी केवळ उताराच्या आणि दाबाच्या बळावर त्या उंच भिंतीवर चढते, आणि खाली पडताना पात्यांवर आदळून जात्याची वरची तळी फिरवते. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणारे यात्रेकरू, फकीर आणि विद्यार्थी यांच्यासाठी येथे दळण होत असे. ही चक्की शोभेसाठी नव्हे, जेवणाऱ्यांसाठी उभारली गेली, आणि मला तिचे हेच मोल सर्वांत मोठे वाटते.

माझी विनंती एवढीच आहे की, वक्फ मंडळाशी आणि दर्ग्याशी संबंधित मंडळींशी विचारविनिमय करून, दर्ग्याचे पावित्र्य पूर्ण सांभाळून, वर्षातून एक दिवस पाणचक्की सर्वांसाठी विनातिकीट खुली ठेवावी आणि त्या दिवशी तिच्यावर खरोखर धान्य दळावे. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह त्यासाठी योग्य आहे, कारण पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि मराठवाड्यात नवी बाजरी घरात आलेली असते.

नेदरलँड्समध्ये मे महिन्यात देशभरच्या पवनचक्क्या आणि पाणचक्क्या लोकांसाठी अशाच उघडतात. २०१७ मध्ये युनेस्कोने तेथील चक्की चालवणाऱ्यांच्या कौशल्यालाच अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले; दगडविटांइतकेच हातातले कसबही जपावे लागते, हे त्यामागे आहे. आपल्याकडे ते कसब शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. उत्तराखंडात घराट म्हणजे पाण्यावर फिरणारी जाती आजही दळतात. तेथील जाणकारांना बोलवावे. जात्याला टाकी लावणारे पाथरवट आपल्याकडे उरले आहेत तोवर त्यांच्या हाताखाली चार तरुण तयार करावेत. मात्र वास्तूतज्ज्ञांकडून चक्र, कणा आणि पाणी आणणारी नहर तपासून घेतल्याशिवाय घाईने काही फिरवू नये, ही कळकळीची विनंती.

असा दिवस ठरला, तर पहिल्या दळणासाठी मी पायलीभर बाजरी निवडून घेऊन येईन. जात्यात मुठीने वैरण घालायला नात सोबत असेल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक