माझे प्रथिन जिवंत ठेवणाऱ्या सरांना अनावृत पत्र

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

आपले नाव कोठेही येऊ नये, असे आपण बजावले असल्यामुळे ते येथे लिहीत नाही. पण हे आभार चारचौघांत मानावेत, अशी माझी मनापासून इच्छा होती.

निफाडच्या बागांतील द्राक्षांतून पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम वेगळे काढणे हा माझ्या संशोधनाचा गाभा. द्राक्षाचा रस उघडा ठेवला की तपकिरी पडतो, त्यामागे मुख्यतः हेच एन्झाइम असते. त्याचे सारे सामर्थ्य सक्रिय केंद्रातील तांब्याच्या दोन अणूंत आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या घडीत आहे. ही घडी विस्कटली तर हाती प्रथिन लागते, पण त्याचे काम संपलेले असते. मी आधी ज्या प्रयोगशाळेत पैसे भरून नमुने दिले, तेथे ही गोष्ट परोपरीने सांगूनही कोणी मनावर घेतली नाही. त्यांनी नमुना रिव्हर्स फेज कॉलमवर, म्हणजे पाणी टाळणाऱ्या मण्यांनी भरलेल्या नळीवर, चढवला, दोनच्या आसपासच्या तीव्र आम्ल पीएचला ॲसिटोनायट्राइल या सेंद्रिय द्रावकात उतरवून घेतला (या दोन्हींनी घडी मोडते) आणि आलेखात एकच उंच, देखणे शिखर असलेला अहवाल माझ्या हाती ठेवला. हे एन्झाइम ज्याला तपकिरी करते ते कॅटेकॉल त्या नमुन्यात घातले, तर पिवळेपणाची छटासुद्धा आली नाही. विचारणा केली, तेव्हा ‘शुद्धता मागितली होती, ती दिली’ एवढेच उत्तर मिळाले. त्या उत्तराचा सल अजून गेलेला नाही.

आपण मात्र शुद्धतेची गोष्टच आधी काढली नाही. ‘हे प्रथिन कोणत्या पीएचला सुखात असते?’ हा आपला पहिला प्रश्न होता, आणि तो ऐकताच मला हायसे वाटले. अमोनियम सल्फेट या मिठाने साका बसवून घेतलेले प्रथिन मिठासकट थेट फिनाइल कॉलमवर, म्हणजे पाणी थोडेच टाळणाऱ्या मण्यांच्या नळीवर, चढवता येते, आणि मग मिठाचे प्रमाण हळूहळू कमी करत नेले की ते आपली घडी न मोडता सुटून येते, हे आपण मला करून दाखवले. पाण्यापासून दूर राहण्याचा प्रथिनाचा जो स्वभाव रिव्हर्स फेजमध्ये त्याच्या मुळावर येतो, तोच येथे सौम्यपणे उपयोगी पडतो. त्यानंतरच्या जेल फिल्ट्रेशनच्या वेळी, पोराथ आणि फ्लोडिन या संशोधकांनी १९५९ साली डेक्स्ट्रान या बहुशर्करेच्या मण्यांतून रेणू आकारानुसार वेगळे करून दाखवले, ती हकिकत आपण किती आत्मीयतेने सांगितलीत!

पण सर, माझ्या मनात घर करून राहिली आहे ती यांपैकी कोणतीही पद्धत नव्हे. सातपूरला आपल्याकडे मी पोहोचले, तेव्हा मार्चचे ऊन चढू लागले होते, आणि आपण रिकाम्या ट्यूबा आधीच बर्फात रोवून ठेवल्या होत्या. कॉलममधून अजून एक थेंबही यायचा होता, तरी प्रत्येक ट्यूबेवर पेन्सिलीने क्रमांक घातलेला होता, आणि काठावर जमलेले पाणी आत ओघळू नये म्हणून आपण एकेक तोंड टिपकागदाने टिपत होता. येणारे प्रथिन कोमट काचेला लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप, आणि तोही एका अनोळखी विद्यार्थिनीच्या नमुन्यासाठी! लेकरू घरी यायच्या आधी आईने अंथरूण घालून ठेवावे, तशी ती तयारी होती. फ्रॅक्शन, म्हणजे ट्यूबांत जमा झालेले अंश, उद्या तपासू, असेही आपण म्हणाला नाहीत. दिवस मावळला तरी थांबून प्रत्येकातला थेंब कॅटेकॉलमध्ये सोडत राहिलात, आणि मधल्या काही ट्यूबांचा थेंब पडताच पिवळा, मग तपकिरी रंग चढला, तेव्हा माझ्या आधी आपणच हसलात.

यंत्रे आज पुष्कळ ठिकाणी आहेत आणि ती चालवणारेही आहेत. दुसऱ्याच्या कामाची निगा आपल्या कामासारखी राखणारी माणसे मात्र शोधावी लागतात, आणि ती भेटली की कामाइतकाच माणसाचाही धीर टिकतो. दर मिलिग्रॅम प्रथिनामागची क्रियाशीलता प्रत्येक टप्प्यावर वाढलेली दाखवणारा तक्ता आता माझ्या प्रबंधात आहे. त्याच प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आपले नाव येणार आहे. त्यापुरता आपला मनाईहुकूम मी मोडणार आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

आपली नम्र,
नाशिकची एक संशोधक विद्यार्थिनी