फेएट कॅम्पिंग: निघण्याआधी वाचा

मंडळी, शुक्रवारी मिशिगनच्या फेएट हिस्टॉरिक स्टेट पार्कला निघतोय. आधीच सांगून ठेवते: साइटवर वीज आहे, पण आंघोळीची सोय नाही आणि संडास बिनफ्लशचे, खड्ड्याचे. ज्यांना हे झेपणार नाही, त्यांनी आत्ताच कळवावं, तिथे पोचून तोंडं वाकडी करू नयेत.

सरपण घरून अजिबात आणू नका. ॲशची झाडं पोखरणारी हिरवी कीड २००२ मध्ये डेट्रॉइटजवळच सापडली आणि लाकडांबरोबरच दूरवर पोचली. लाकडं तिथेच विकत घेऊ.

शनिवारी सकाळी जुनं गाव बघू. १८६७ ते १८९१ जॅक्सन आयर्न कंपनी इथे लोखंड गाळायची. भोवतालची झाडं तोडून कोळसा, समोरच्या पांढऱ्या कड्यातून चुनखडी, आणि बंदरातून माल थेट लेक मिशिगनमध्ये. भट्ट्या अजून उभ्या आहेत. मुलांना त्यांच्या भिंतींवर आणि कड्याच्या कडेला जाऊ देऊ नका.

प्रत्येक गाडीला रिक्रिएशन पासपोर्ट (स्टेट पार्कमध्ये गाडी नेण्याचा परवाना) लागतो. डासांचं औषध, टॉर्च, रात्रीसाठी स्वेटर घ्या. शनिवारी रात्री मसालेभात. मोठं पातेलं कोण आणतंय ते गुरुवारपर्यंत सांगा.