झिंक ऑक्साईड मागताना कशाला पाहिजे तेही सांगा

संपादक साहेब,
स.न.

सध्या मोबाइलवर घरच्या घरी सनस्क्रीन करायचा मेसेज फिरतोय, खोबरेल तेल घ्या, त्यात झिंक ऑक्साईड कालवा, झालं. त्याबद्दल चार शब्द लिहितोय, जमलं तर छापा. माझं उद्यमनगरात रबर केमिकलचं छोटं दुकान आहे, गिऱ्हाईक म्हणजे बुश, वॉशर, पॅड बनवणारे कारखानदार. पण हल्ली कॉलेजच्या पोरी, क्रिकेट खेळणारी पोरं सरळ काउंटरवर येऊन "काका, झिंक ऑक्साईड पाव किलो द्या" म्हणतात. कशाला विचारलं तर तोंडाला लावायला! मी देत नाही. त्यावर एक पोरगी म्हणाली, सनस्क्रीनच्या ट्यूबवर पण हेच नाव छापलंय की, मग तुमच्यात वेगळं काय? प्रश्न बरोबर आहे, पण मागं चार माणसं थांबलेली असताना त्याचं उत्तर देणं होत नाही.

नाव एकच आणि फॉर्म्युला पण एकच, जस्ताचा एक अणू, ऑक्सिजनचा एक, वजनानं बघितलं तर शुद्ध मालात ८० टक्के जस्त. पांढरी, वास नसलेली पावडर, पाण्यात विरघळत नाही, ॲसिडमध्ये विरघळते आणि कडक कॉस्टिक सोड्यात पण विरघळते. फरक पडतो तो माल कशापासून केला आणि कसा केला यानं. चांगला माल करायची जुनी पद्धत फ्रेंच प्रोसेस, १८४०च्या दशकात पॅरिसमधल्या लेक्लेर नावाच्या रंगकाम करणाऱ्या माणसानं ती चालू केली, कारण तेव्हा पांढरा रंग शिशापासून व्हायचा आणि रंगारी विषबाधेनं आजारी पडायचे. भट्टीत जस्ताच्या लाद्या वितळवून उकळवतात, जस्त ९०७ अंशाला उकळतं, वाफ हवेत आली की निळसर हिरवी ज्वाळा घेऊन पेटते आणि पांढरा धूर होतो. तो धूर पंख्यानं ओढून कापडी फिल्टरमध्ये नेतात, तिथं जे जमतं तेच आपलं झिंक ऑक्साईड.

आता लाद्या ९९.९९ टक्क्यांच्या असल्या तर माल स्वच्छ निघतो. पण तीच भट्टी गॅल्वनायझिंगच्या (लोखंडावर जस्ताचा थर चढवायच्या) टाकीतला गाळ आणि भंगार जस्त टाकून पण चालते की, मग शिसं, कॅडमियम मागून येतंच, आणि दिसायला दोन्ही माल तितकेच पांढरे. दुसरी पद्धत अमेरिकन, त्यात खनिज नाहीतर जस्ताची राख कोळशाबरोबर तापवतात, हा माल स्वस्त आणि शुद्धता कमी. तिसरी ओली पद्धत, जस्ताच्या द्रावणातून कार्बोनेट खाली बसवायचं, धुवायचं आणि भाजायचं, तो अतिशय बारीक माल 'ॲक्टिव्ह' म्हणून विकतात. व्हाइट सील, रेड सील ही ग्रेडची नावं जुन्या बाजारातली, आता कोण कशाला काय म्हणेल नेम नाही, मी तर त्या नावाकडं बघतच नाही, टेस्ट रिपोर्ट मागतो.

जगात जेवढं झिंक ऑक्साईड होतं त्यातलं निम्म्याहून जास्त रबरात जातं, ते का जातं हे पण सांगतो. रबर शिजवताना सल्फर त्याच्या साखळ्या एकमेकांत गुंफतो. नुसत्या सल्फरवर सोडलं तर तासन्‌तास लागतील आणि तरी नीट होणार नाही. झिंक ऑक्साईड आणि स्टिअरिक ॲसिड मिळून झिंकचा साबण तयार होतो, तो रबरात विरघळतो, ॲक्सिलरेटरला (रबर लवकर शिजावं म्हणून घालतात त्या केमिकलला) जवळ करतो आणि सल्फरला कामाला लावतो, मग तोच बुश मोल्डमध्ये काही मिनिटांत शिजतो. १०० किलो रबराला ३ ते ५ किलो झिंक ऑक्साईड लागतं, ॲक्टिव्ह असेल तर त्याहून कमीत भागतं. एवढ्याशा मालात कुणी खडूची पावडर मिसळली तर मोल्डमधून निघालेला बुश दिसतो झकास, पण क्लॅम्पखाली थोडे दिवस गेले की बसतो तो परत उठतच नाही. मग कारखानदार रबराला शिव्या घालतो, मिक्सिंगवाल्याला शिव्या घालतो, झिंककडं कुणी बघत नाही कारण ते पांढरंशुभ्र असतं.

म्हणून दोन साध्या परीक्षा सांगतो. लोखंडी चमच्यात चिमूटभर माल घेऊन गॅसवर चांगला लालसर होईपर्यंत चमचा तापवायचा, खरं झिंक ऑक्साईड लिंबासारखं पिवळं होतं आणि गार झालं की परत पांढरं, बघायला पण मजा येते. दुसरी, काचेच्या ग्लासात थोडा माल आणि वरून थेंब थेंब मुरियाटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) ॲसिड, हातमोजे घालून आणि दारात बसून. माल गुपचूप विरघळला तर ठीक, सोडा फसफसल्यासारखा फेस आला तर खडू आहे असं समजा (ॲक्टिव्ह मालात थोडं कार्बोनेट राहिलेलं असू शकतं, त्याचा थोडा फेस येतो, त्याला भेसळ म्हणू नका). पण शिसं या दोन्हींत सापडत नाही, त्याला लॅबच पाहिजे.

आता तोंडाच्या क्रीमकडं येतो. झिंक ऑक्साईड ऊन अडवतं ही गोष्ट शंभर टक्के खरी, साधारण ३७० नॅनोमीटरच्या खालची अतिनील किरणं ते शोषून घेतं, क्रिकेटवाले नाकावर पांढरे पट्टे मारायचे ते हेच, आणि अमेरिकेत सनस्क्रीनमध्ये २५ टक्क्यांपर्यंत चालतं. पण ते औषधी किंवा कॉस्मेटिक ग्रेडचं, शिशाची मर्यादा तपासलेलं. माझ्या पोत्यातला माल रबरासाठी आहे, रबरात लवकर मिसळावा म्हणून काही मालावर तेलाचा नाहीतर प्रोपिऑनिक ॲसिडचा हात फिरवलेला असतो, ते गालाला लावायचं काय कारण? आणि समजा औषधी ग्रेड मिळवला तरी चमच्यानं तेलात कालवून सनस्क्रीन होत नाही. पावडर पाण्याच्या साडेपाच पट जड, तळाला बसते, गुठळ्या होतात, गालावर एका जागी थापलं जातं आणि शेजारी काहीच नाही, तिथं ऊन लागायचं ते लागतंच. कंपनीत त्याचे कण दळून, वरून थर देऊन, क्रीममध्ये सारखे पसरवलेले असतात, पैसे त्या कामाचे असतात. वर उघड्यावर पावडर उपसताना नाकातोंडात जाते ती वेगळीच.

ऊसवाले पण येतात. पानावर फिकट पट्टे, कांड्या आखूड, कुणीतरी सांगितलेलं असतं जस्त कमी आहे, म्हणून दुकानात येऊन "मामा, झिंक द्या एक पोतं". जमिनीला लागतं ते बहुतेक वेळा झिंक सल्फेट, ते पाण्यात विरघळतं, त्यात २१ किंवा ३३ टक्के जस्त असतं, पोत्यावर छापलेलं असतं. झिंक ऑक्साईडचं पण खत आहे, खत नियंत्रण आदेशात ३९.५ टक्क्यांचं सस्पेन्शन आहे, पण ते बारीक दळून तरंगत ठेवलेलं, बाटलीतलं. रबराचं पोतं रानात ओतलं तर पिकाला लगेच काही मिळणार नाही आणि माल भंगारापासून केलेला असला तर शिसं मात्र मातीत कायमचं जाईल. आधी माती तपासा, मग कृषी सेवा केंद्रात जा, माझ्याकडं येऊ नका (धंदा बुडाला तरी चालेल).

बाकी हीच पावडर टाइल्सच्या ग्लेझमध्ये असते, दाताच्या डॉक्टरकडं लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलबरोबर कालवून तात्पुरतं सिमेंट भरतात त्यात असते, कॅलामाइन लोशन म्हणजे हीच पावडर आणि रंगापुरता लोहाचा ऑक्साईड, आणि वळवात वीज पडते तेव्हा लाइनवरच्या अरेस्टरच्या (वीज जमिनीत उतरवणाऱ्या उपकरणाच्या) आत याच्याच चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. प्रत्येकाला ग्रेड वेगळा.

फौंड्रीवाल्यांसाठी (धातू ओतणाऱ्यांसाठी) एक गोष्ट सांगतो, कारण आपल्याकडं ती सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही. पितळ ओतताना मुशीच्या वर कापसासारखे पांढरे पुंजके उडतात, ते पण झिंक ऑक्साईडच. गॅल्वनाइज्ड पाइप वेल्डिंग केला की तोच धूर. पोत्यातल्या पावडरीपेक्षा हा ताजा धूर वाईट, कण फारच बारीक. माणूस दिवसभर ठणठणीत असतो आणि संध्याकाळी घरी गेल्यावर हुडहुडी भरते, ताप, अंग मोडून येतं, तोंडाला गोडसर धातूची चव, एक-दोन दिवसांत उतरतो म्हणून लोक थंडीताप समजून गोळी घेतात. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी जास्त होतो कारण शरीराची सवय मोडलेली असते. त्यावर दूध प्यायचं हा आपला ठरलेला उपाय. दूध कट्ट्यावर जायला कोल्हापूरकराला निमित्त लागत नाही, जरूर जावा, पण दूध पोटात जातं आणि धूर छातीत गेलेला असतो. मुशीवर धूर ओढणारा पंखा, धुराचा मास्क, पाइपवरचा जस्ताचा थर आधी घासून काढणं, यानं फरक पडतो.

आता विनंती. २५ किलोच्या बंद पोत्यावर सगळं छापलेलं असतं, पण पोतं फोडून किलोकिलोच्या पिशव्या भरल्या की त्यावर काहीच राहत नाही, तिथंच सगळा घोळ होतो. सुटा माल विकणाऱ्यांनी पिशवीवर मार्करनं का असेना ग्रेड, बॅच नंबर आणि 'त्वचेसाठी नाही' एवढं लिहावं, मी लिहायला सुरुवात केली आहे. छोट्या कारखानदारांनी चार-पाच जणांनी मिळून अधूनमधून एक सँपल लॅबला पाठवावं, खर्च वाटून घेतला तर कुणाला जड जात नाही. आणि माल घेताना शिशाचा आकडा विचारा, विचारल्यावर जो दुकानदार चिडतो त्याच्याकडून घेऊ नका, मग तो आमच्या गल्लीतला असला तरी.

आपला,
एक दुकानदार वाचक
उद्यमनगर, कोल्हापूर