केसांच्या गोळ्या आणि थायरॉइडचा खोटा रिपोर्ट

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचा रिपोर्ट आला: टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) जवळजवळ शून्य, टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) चढलेलं. थायरॉइड वाढलंय म्हणून ते कमी करायच्या गोळ्या सुरू झाल्या. महिना-दीड महिन्यात तिचं अंग जड झालं. पाचपाखाडीतल्या आमच्या जिन्यात ती मध्येच पायरीवर बसायची. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "केसांसाठी काही घेतेस का?" तिने पर्समधून डबी काढली. हादग्याच्या अर्कातलं बायोटिन हे जीवनसत्त्व, १०,००० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं सुमारे ३०! डबी आणि गोळ्या दोन्ही थांबवल्या. दीड महिन्याने रक्त दिलं, सगळं नॉर्मल.

टीएसएच मेंदूच्या तळाची पीयूष ग्रंथी सोडते. बहिणीची ग्रंथी आपलं काम नीट करत होती, फसलं ते यंत्र. अनेक लॅबच्या तपासणीत टीएसएच पकडून ठेवायला बायोटिनचाच हूक वापरतात. रक्तातच बायोटिन भरमसाट असलं की हुकाच्या जागा तेच अडवतं आणि असलेलं टीएसएच मोजलं जात नाही. टी-४ च्या तपासणीची रीत उलटी, म्हणून तिथे तोच अडथळा आकडा फुगवतो. दोन्ही कागद एकत्र वाचले तर कोणत्याही डॉक्टरला आजारच दिसेल.

हादग्याची फुलं आम्ही जांभळी नाक्यावरून वाट्याने आणतो, लहानपणापासून भाजी खातो. त्या भाजीने कुणाचा रिपोर्ट बिघडत नाही. पण डबीवर तेच नाव वाचून बहिणीला ते औषध वाटलंच नाही. लॅबच्या फॉर्मवर 'चालू औषधे' पुढे तिने 'नाही' लिहिलं. तिचं काय चुकलं?

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला, २०१९ मध्ये पुन्हा. हार्ट अटॅकमध्ये तपासलं जाणारं ट्रोपोनिनही यामुळे खोटं कमी येऊ शकतं. अशा एका रुग्णाच्या मृत्यूचा उल्लेख त्या इशाऱ्यात आहे. थायरॉइड चुकला तर दुरुस्तीला वेळ मिळतो, इथे तोही नाही.

डबीवर ठळक मराठीत लिहायला लावा: 'रक्त तपासणीआधी किमान २ दिवस बंद ठेवा, डॉक्टरांना सांगा.' लेबलचे नियम दिल्लीत ठरतात हे ठाऊक आहे, तिथे हा विषय आपण लावून धरा. आणि आरोग्य खात्याशी बोलून प्रत्येक लॅबच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा: 'केस, नखं, त्वचेसाठी काही घेता का?' रक्त घेणाऱ्या ताईंनी तेवढं तोंडी विचारलं तरी चालेल.

आपली नम्र,
एक ठाणेकर